किल्ल्या दिल्या, झगा राहिला

लूर्दमातेचा सण ११ फेब्रुवारीला येतो. आमच्या वसईकडे त्या दिवशी मिस्सेत आजाऱ्यांसाठी खास प्रार्थना असते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना रिक्षाने आणून पुढच्या बाकांवर बसवतात. २०१३ साली तो सोमवार होता. मी संध्याकाळच्या मिस्सेला निघायच्या तयारीत, तेवढ्यात भावाचा फोन आला, “पोपने राजीनामा दिला म्हणे.” मी म्हटलं, पोप राजीनामा देत नसतात, मरतात. टीव्ही लावला, तर खरंच होतं.

रोममध्ये तेव्हा नुकती दुपार झाली होती. सकाळची बैठक तशी रुक्षच होती. १४८० साली तुर्कांच्या स्वारीत ओत्रान्तो गावात मारल्या गेलेल्या सुमारे ८०० जणांना संतपद कधी द्यायचं, तेवढं ठरवायचं होतं. कामकाज लॅटिनमध्ये. ते आटोपलं आणि बेनेडिक्ट सोळावे यांनी आणखी एक कागद वाचायला घेतला. तोही लॅटिनमध्येच, त्याच एकसुरी आवाजात. समोरच्या कार्डिनलांपैकी, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी, काहींना काय चाललंय ते कळेना. कळलं ते प्रेस रूममध्ये पडद्यावर बैठक पाहणाऱ्या ‘आन्सा’ वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री या बातमीदार बाईंना, कारण त्यांना लॅटिन येत होतं. त्यांनी ११ वाजून ४६ मिनिटांनी बातमी सोडली. कार्डिनल मंडळाचे प्रमुख सोदानो म्हणाले, निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं हे झालं. त्याच संध्याकाळी संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटावर खरोखरच वीज पडली, तिचा फोटो जगभर फिरला. शकुन-अपशकुन काढणाऱ्यांची महिनाभराची सोय झाली.

त्या दिवसापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते दोन तुकड्यांत आहे. बेनेडिक्ट, म्हणजे मूळच्या नावाने योझेफ रात्सिंगर, या माणसाने उभ्या आयुष्यात केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा राजीनामा. आणि पद सोडल्यावर राहायचं कसं याचा त्यांनी जो पायंडा पाडला, तो ख्रिस्तसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, पुन्हा कधीही गिरवू नये, कायदा करून मोडून काढावा.

पहिल्या तुकड्याबद्दल आधी. राजीनामा द्यायचा तर द्यायचा कुणाकडे? पोपच्या वर बसलेला कुणी नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याचं ३३२वं कलम म्हणूनच म्हणतं की, पोपने राजीनामा आपखुशीने द्यावा आणि नीट जाहीर करावा, एवढं पुरे. तो कुणी स्वीकारायची गरज नाही. वाट अशी कायम मोकळी होती. पण १४१५ नंतर तिच्यावरून कुणी गेलं नव्हतं. न वापरलेल्या वाटेवर गवत माजतं आणि मग तिथे वाट होती हेच लोक विसरतात. माझा फोनवरचा फाजील आत्मविश्वास त्या गवतातूनच आला होता.

हा माणूस मुळात खुर्चीचा नव्हताच. १९२७ मध्ये बव्हेरियातल्या मार्क्टल गावी जन्म, वडील पोलिसात. १९५१ मध्ये सख्खा भाऊ गेओर्ग याच्यासोबत एकाच दिवशी धर्मगुरूची दीक्षा. मग बॉन, म्युन्स्टर, ट्युबिंगेन, रेगेन्सबुर्ग असा प्राध्यापकीचा प्रवास. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या महासभेत, ते कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांचे तरुण सल्लागार होते, आणि तेव्हा त्यांची गणना सुधारणावाल्यांत व्हायची. श्रद्धेची राखण करणाऱ्या ज्या जुन्या कार्यालयावर फ्रिंग्स यांनी १९६३ मध्ये भर परिषदेत कोरडे ओढले, त्याच कार्यालयाच्या नव्या अवताराचे प्रमुख म्हणून रात्सिंगर १९८१ मध्ये आले आणि २००५ पर्यंत राहिले. मधल्या काळात १९६८ ची विद्यार्थी चळवळ त्यांनी ट्युबिंगेनमध्ये अंगावर घेतली होती. ती त्यांना इतकी झोंबली की पुढच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ ते तिथेच शोधत राहिले.

त्या कार्यालयातल्या त्यांच्या कारकिर्दीवर मी खूश नाही. आमच्या घरात अँथनी डिमेलो यांची पुस्तकं होती. मुंबईत जन्मलेले हे येशूसंघीय (जेझुइट) फादर पुण्यात आणि मग लोणावळ्यात ‘साधना’ नावाची संस्था चालवत. बोधकथा सांगता सांगता माणसाला स्वतःच्या श्वासाकडे बघायला लावत. ते १९८७ मध्ये गेले. त्यानंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, रात्सिंगर यांच्या सहीने सूचना निघाली की डिमेलोंच्या लिखाणातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. त्या कागदाचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि म्हणूनच मी हे कौतुक भक्तीपोटी करत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण याच माणसाने त्या पदावरून मोकळं करण्याची विनंती जॉन पॉल दुसरे यांना एकदा सोडून अनेकदा केली होती. त्यांना पुस्तकांकडे परतायचं होतं. दर वेळी नकार मिळाला. २००५ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, मतमोजणीचा कल दिसू लागला तेव्हा आपल्या मानेवर गिलोटिनचं पातं येतंय असं वाटलं, हे त्यांनीच निवडीनंतर जर्मन यात्रेकरूंना सांगितलं होतं. पद मिळाल्यावर असं बोलायची रीत असते हे खरं. यांच्या बाबतीत मात्र ते मला पटतं, कारण आठ वर्षांनी त्यांनी ते वागून दाखवलं.

राजीनाम्याविरुद्धचा युक्तिवाद लेचापेचा नाही. तो जॉन पॉल दुसरे यांनी देहाने मांडला होता. ३० मार्च २००५ चा बुधवार. ते खिडकीत आले, माइक पुढे धरला गेला, त्यांनी बोलायचा प्रयत्न केला आणि शब्द फुटला नाही. तीन दिवसांनी ते गेले. कंपवाताने वाकलेला तो देह पाहून असंख्य आजारी माणसांना बळ मिळालं असणार. मी स्वतः तेव्हा रडलो होतो. ख्रिस्त क्रुसावरून खाली उतरला नाही, मग त्याचा प्रतिनिधी कसा उतरेल, असं म्हणणाऱ्यांच्या मनात हेच चित्र असतं.

यावर माझं म्हणणं एवढंच, की खिडकीतलं चित्र वेगळं आणि टेबलावरच्या फायली वेगळ्या. क्रुसावरच्या ख्रिस्ताला बिशपांच्या नेमणुका करायच्या नव्हत्या. पोपला असतात. पोप खंगत जातो तेव्हा कारभार थांबत नाही, तो भोवतीच्यांच्या हातात जातो, आणि कुणी निवडून न दिलेले लोक त्याच्या नावाने निर्णय घेऊ लागतात. मेक्सिकोच्या मार्सियाल मासिएल या बड्या धर्मगुरूवर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप वर्षानुवर्षं पडून होते. रात्सिंगर पोप झाल्यावर, २००६ मध्ये, त्याला सार्वजनिक सेवेतून दूर करण्यात आलं. आधीच्या पोपची शेवटची वर्षं शेजारच्या इमारतीतून पाहिलेल्या माणसाला आपल्या बाबतीत तेच घडू द्यायचं नव्हतं, असा माझा तर्क आहे.

स्वतःच्या शरीराबद्दल ते रोखठोक होते. मार्च २०१२ च्या मेक्सिको दौऱ्यात ते रात्री पडले, डोक्याला लागलं. पुढच्या वर्षी जुलैत रिओला तरुणांचा जागतिक मेळावा, आणि डॉक्टरांनी तर समुद्रापलीकडचा प्रवास बंद केलेला. मृत्यूच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांनी आपल्या चरित्रकाराला लिहिलं की खरं कारण निद्रानाश होतं. तो २००५ पासून पाठीशी लागला होता. मला हे कारण फार आवडलं. यात कसला साक्षात्कार नाही की कटकारस्थान नाही. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी काम होत नाही, इतकी साधी गोष्ट. शेतावरच्या म्हाताऱ्याला ती कळेल.

बाप कधी बापपणाचा राजीनामा देतो का, असं त्यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं की, बाप बापच राहतो, पण वय झालं की घरचा कारभार मुलाकडे देतो. आपल्याकडे हे किल्ल्यांवरून कळतं. सासू कमरेच्या किल्ल्या काढून सुनेच्या हाती देते, तो घरातला मोठा दिवस. पोपच्या चिन्हावरही दोन किल्ल्याच असतात, एक सोन्याची आणि एक चांदीची, येशूने पेत्राला, म्हणजे पहिल्या पोपला, दिलेल्या. तर बेनेडिक्ट यांनी त्या दिल्या. २८ फेब्रुवारीला हेलिकॉप्टरने ते रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी वाड्यात, गेले, सज्जातून म्हणाले की आता मी केवळ एक यात्रेकरू. रात्री आठच्या ठोक्याला दारावरचे स्विस पहारेकरी आत वळले, दाराची दोन्ही फळकुटं मिटली आणि ते निघून गेले. त्यांचं काम पोपची राखण करणं, आणि त्या क्षणी आत पोप नव्हता. मासेमाऱ्याची मुद्रा म्हणतात ती पोपची अंगठी, तिच्यावर ओरखडे ओढून ती निकामी केली गेली. इथवर सगळं चोख.

आणि मग सासूबाई स्वयंपाकघरातच खाट टाकून बसल्या.

बेनेडिक्ट यांनी नाव तेच ठेवलं. ‘निवृत्त पोप’ ही आजवर नसलेली पदवी घेतली. मेमध्ये ते व्हॅटिकनच्या बागेतल्या मातेर एक्लेसिए मठात राहायला आले, म्हणजे नव्या पोपपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लाल जोडे गेले, त्या जागी मेक्सिकोच्या लेओन शहरातल्या चांभारांनी भेट दिलेले तपकिरी जोडे आले. पण पांढरा झगा राहिला. त्या झग्याबद्दल एका पत्रकाराने विचारलं, तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी लेखी उत्तर पाठवलं की पद सोडलं त्या वेळी दुसरे कपडे उपलब्ध नव्हते.

हे वाचून मी आधी हसलो, मग मला राग आला. रोममध्ये! जिथे व्हॅटिकनच्या कुंपणापासून दहा मिनिटांच्या अंतरात काळे, जांभळे, लाल झगे शिवणारे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटून आहेत, जिथे निवडणुकीआधी तीन मापांचे पांढरे झगे तयार ठेवले जातात, तिथे १७ दिवसांत एका म्हाताऱ्या धर्मगुरूला काळा झगा मिळेना? तरी मी त्यांना खोटारडं म्हणणार नाही. प्राध्यापक माणूस, कपड्याकडे लक्ष नसेल. पण लोक कपड्याकडेच बघतात. २३ मार्चला नवे पोप फ्रान्सिस त्यांना भेटायला गेले. दोघांनी एकाच बाकावर शेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली. पांढऱ्या झग्यातली ती दोन माणसं ज्याने ज्याने पाहिली, त्याने मनात मोजलं असणारच: एक, दोन.

कपड्याच्या मागे विचारही होता. २७ फेब्रुवारीच्या शेवटच्या जाहीर भेटीत ते म्हणाले होते की, ‘नेहमी’ म्हणजे ‘कायमचं’, आता खासगी आयुष्याकडे परतणं नाही. मी क्रूस सोडत नाही, नव्या रीतीने त्याच्यापाशी राहतो. ऐकायला गोड आहे. पण कायद्याच्या भाषेत याचा अर्थ काय? २०१६ मध्ये त्यांचे सचिव गेओर्ग गेन्सवाइन यांनी तर भाषणात मांडलं की पोपपदाचा जणू विस्तार झाला आहे, एक कर्ता आणि एक चिंतन करणारा. ज्यांना फ्रान्सिस नकोच होते त्यांना आयतं कोलीत मिळालं. राजीनाम्याच्या लॅटिन मजकुरात पदासाठी ‘मूनुस’ (पद) आणि ‘मिनिस्तेरियुम’ (सेवा) असे दोन शब्द होते. त्यांतला एक सोडला, दुसरा राखला, म्हणून खरे पोप अजून बेनेडिक्टच, अशी कीस काढणारी मंडळी उभी राहिली. स्वतः बेनेडिक्ट यांनी त्याच २०१४ च्या पत्रात राजीनामा पूर्ण वैध असल्याचं निक्षून सांगितलं होतं. पण ते सांगायचं पांढऱ्या झग्यात.

मौनाचा शब्दही पुरता पाळला गेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचारांच्या प्रश्नावर जगभरच्या बिशप मंडळांच्या प्रमुखांना रोमला बोलावलं. दोन महिन्यांत बव्हेरियातल्या धर्मगुरूंच्या मासिकात बेनेडिक्ट यांचा दीर्घ निबंध: या रोगाचं मूळ १९६८ ची लैंगिक क्रांती. आयर्लंडपासून बोस्टनपर्यंत ज्यांची मुलं नासली गेली, आणि त्यांतली कित्येक प्रकरणं १९६८ च्या आधीची, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल? त्याच वर्षाच्या शेवटी ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बिशपांनी विवाहित पुरुषांना दीक्षा देण्याची मुभा मागितली. फ्रान्सिस यांचा निर्णय यायचा होता आणि जानेवारी २०२० मध्ये ब्रह्मचर्याच्या बाजूने कार्डिनल सारा यांच्यासोबत बेनेडिक्ट यांचं पुस्तक आलं. गदारोळ झाल्यावर सहलेखक म्हणून नाव काढायला सांगितलं गेलं. पुढच्या महिन्यात फ्रान्सिस यांनी पत्र काढलं, त्यात त्या मागणीबद्दल अवाक्षर नाही. पुस्तकामुळेच ते घडलं असं मी म्हणत नाही. पण कारभाऱ्याच्या खांद्यावरून जुना कारभारी डोकावत असेल, तर कारभाऱ्याने कुणाकुणाचं मन राखलं हे बाहेरच्याला कधीच कळत नाही, आणि ती शंकाच मुळात राहायला नको.

हा धोका नवा नाही. १२९४ मध्ये, २७ महिने एकमत न झालेल्या कार्डिनलांनी डोंगरातल्या एका म्हाताऱ्या तपस्व्याला, पिएत्रो दा मोरोनेला, उचलून पोप केलं. सेलेस्टीन पाचवे. पाच महिन्यांत त्यांनी पद सोडलं, कारण त्यांना त्यांची गुहा हवी होती. पुढचे पोप बोनिफास आठवे यांना भीती वाटली की लोक जुन्या साधूभोवती गोळा होतील आणि फूट पडेल. त्यांनी सोपा इलाज केला: सेलेस्टीनना फुमोनेच्या किल्ल्यात कोंडलं. १२९६ मध्ये ते तिथेच वारले. इलाज रानटी, पण निदान अचूक होतं.

दुसरं उदाहरण मात्र शहाणपणाचं, आणि त्याची आठवण २०१३ मध्ये कुणी फारशी काढली नाही याचं मला नवल वाटतं. एकाच वेळी तीन पोप असल्याचा घोळ मिटवायला ग्रेगरी बारावे यांनी १४१५ मध्ये राजीनामा दिला. कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्यांना काय केलं? पुन्हा कार्डिनल-बिशप केलं आणि आन्कोनाला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. पोप हे नाव गेलं, रोम सुटलं, मान राहिला, काम मिळालं. १४१७ मध्ये, रोमपासून लांब, ते शांतपणे वारले. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या धामधुमीत सुचलेला तोडगा अभ्यासिकेत बसून इतिहास कोळून प्यालेल्या माणसाला सुचू नये!

म्हणून माझी मागणी मोठी नाही. कायद्यात चार ओळी हव्यात. पद सोडलेला पोप हा ‘रोमचा निवृत्त बिशप’, झगा कार्डिनलचा, राहणं व्हॅटिकनच्या भिंतीबाहेर, आणि वारस हयात असेतो ख्रिस्तसभेच्या चालू प्रश्नावर छापील शब्द नाही. फ्रान्सिस यांनी २०२२ च्या एका मुलाखतीत स्वतःबद्दल जवळपास हेच सांगितलं होतं: निवृत्त झालोच तर रोमचा निवृत्त बिशप म्हणवून घेईन, व्हॅटिकनमध्ये राहणार नाही. पण मुलाखत म्हणजे कायदा नव्हे. शिवाय त्यांनीच पुढच्या वर्षी काँगोमधल्या येशूसंघीयांना सांगितलं की पोपपद मरेपर्यंतचं असतं, राजीनाम्याची फॅशन होऊ नये.

वयोमर्यादा मात्र मला नको. ती मागणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो: बिशपांना ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करावा लागतो, ८० ओलांडलेल्या कार्डिनलला पोप निवडता येत नाही, मग पोपलाच सूट का? मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०२४ मध्ये ८० पूर्ण झाले, म्हणून मे २०२५ च्या मतदानात त्यांना जागा नव्हती. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव आत गेले. नियम म्हणून हे ठीक. पण जॉन तेविसावे निवडून आले तेव्हा ७७ ला महिनाही उरला नव्हता. तात्पुरते पोप म्हणून लोकांनी त्यांना मोडीत काढलं, आणि तीन महिन्यांत त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची घोषणा करून सगळ्यांची झोप उडवली. कामगारांच्या हक्कांवरचं लिओ तेरावे यांचं पत्र १८९१ चं, त्यांच्या ८१ व्या वर्षीचं. कॅलेंडरवरून माणसाची धमक ठरत नाही. आणि मुदत ठरली की त्या मुदतीच्या अलीकडे पलीकडे डाव मांडणारेही तयार होतात.

खरं भोक दुसरीकडे आहे. पोप शुद्धीवर नसेल तर? राजीनामा आपखुशीने द्यायचा, पण खुशी-नाखुशी सांगायलाच माणूस जागा नसेल तर? कायद्याचं ३३५वं कलम म्हणतं की अशा वेळी खास कायद्याप्रमाणे वागावं. तो खास कायदा कुणी केलेलाच नाही. पॉल सहावे आणि फ्रान्सिस यांनी अशा प्रसंगासाठी राजीनाम्याची पत्रं सही करून ठेवली होती, हे नंतर उघड झालं. म्हणजे सव्वाशे कोटींहून जास्त माणसांच्या ख्रिस्तसभेचा बंदोबस्त कुणाच्या तरी खणातल्या लिफाफ्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सिस यांना जेमेल्ली रुग्णालयात नेलं. ३८ दिवस ते तिथे होते, दोनदा जिवावर बेतलं. त्या दिवसांत आमच्याकडे रोझरी चालू होती, आणि मी मणी ओढता ओढता ३३५व्या कलमाचा विचार करत होतो. प्रार्थनेत लक्ष नसल्याचं पाप माझ्या खात्यावर. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. तोवरही तो कायदा झाला नव्हता.

एप्रिल २००९ मध्ये लाक्विला शहराला भूकंपाने झोडपलं, ३०० हून जास्त माणसं गेली. बेनेडिक्ट तिथे गेले. कोल्लेमाज्जोच्या पडझड झालेल्या मंदिरात सेलेस्टीन पाचवे यांची काचेची शवपेटी आहे. तिच्यावर त्यांनी आपला पालियुम ठेवला. पालियुम म्हणजे मेंढीच्या लोकरीचा पांढरा पट्टा, पोप आणि आर्चबिशप यांच्या खांद्यावरचा अधिकार. २००५ मध्ये पदग्रहणाच्या वेळी घातलेला तोच. पुढे राजीनामा आल्यावर सगळे म्हणाले, तेव्हाच खूण केली होती. असेल, नसेल.

ते ३१ डिसेंबर २०२२ ला वारले. निवृत्त पोपला पुरायचं कसं, याचा विधी कुठल्याच पोथीत नव्हता. पोपचाच विधी काढला, काही प्रार्थना गाळल्या, काही बदलल्या. ५ जानेवारीला फ्रान्सिस व्हीलचेअरवरून आले आणि त्यांनी प्रवचनात जुन्या पोपचं नाव एकदाच घेतलं. त्याआधी तीन दिवस लोक रांगेने दर्शन घेऊन गेले होते. लाल वस्त्रं, डोक्यावर मुकुट, पायांत काळे जोडे. खांदे मोकळे होते. पालियुम शवपेटीत घातला, पण अंगावर नाही, बाजूला.